‘इंटरेस्ट’ आणि निर्व्याजता

भाषांतराच्या वह्या तपासण्याचें काम रूक्ष खरें. पण त्यांत अधूनमधून अशी एखादी चूक हातीं लागते कीं तिच्यापुढें दहा बिनचूक वह्या फिक्या पडाव्या. कांहीं महिन्यांपूर्वीं मीं वर्गाला भाषांतरासाठीं एक लहानसा इंग्रजी उतारा दिला होता. न्यायाधीश कसा असावा याविषयीं त्यांत चारपांच वाक्यें होतीं, आणि एका वाक्यांत तो ‘डिसइंटरेस्टेड’ असला पाहिजे असें म्हटलें होतें. एका विद्यार्थ्यानें भाषांतर केलें, “न्यायाधीशाला समोरच्या खटल्यांत रस नसावा.” वाचतांच माझ्या डोळ्यांपुढें चित्र उभें राहिलें. दोन्ही पक्षांचे वकील घसा कोरडा होईपर्यंत बोलत आहेत, आरोपी घाम पुसत आहे, आणि न्यायमूर्ति मात्र खिडकीबाहेरच्या कावळ्यांकडे पाहात जांभया देत बसले आहेत. वर्गांत मीं हें चित्र जरा रंगवूनच सांगितलें. मुलें हसलीं, आणि तो विद्यार्थीहि हसला.

पण तो हुशार होता. हसणें ओसरल्यावर त्यानें उठून विचारलें, “सर, हल्लीं हा शब्द ‘लक्ष नसलेला’ याच अर्थानें पुष्कळदां वाचायला मिळतो, आणि कोशांतहि तो अर्थ दिलेला आहे. मग माझें चुकलें कोठें? आणि चुकलें असेल तर तुम्हींच एक मराठी शब्द सांगा.” पहिला प्रश्न बाजूला सारून मीं दुसऱ्याचें उत्तर दिलें, शिक्षकाला ही युक्ति वर्षानुवर्षांच्या सवयीनें साधते. ‘नि:पक्षपाती’ हा शब्द ओठांवर होता. परंतु तो न्यायाधीशाला शोभतो; आईच्या प्रेमाला किंवा मित्राच्या सल्ल्याला तो लावतां येत नाहीं, आणि इंग्रजी शब्द तर तिन्ही ठिकाणीं चालतो. म्हणून मीं फळ्यावर लिहिलें – ‘निर्व्याज’.

तास संपला, पण घरीं येतांना वाटूं लागलें कीं सहज लिहिलेला हा शब्द आपण समजलों त्याहून अवघड जागीं जाऊन बसला आहे. इंग्रजींत ‘इंटरेस्ट’ म्हणजे कर्जावरचें व्याज. आणि जो इंटरेस्टपासून सुटला तो ‘डिसइंटरेस्टेड’. मराठींत व्याज म्हणजे तेंच. आणि जें व्याजापासून सुटलें तें ‘निर्व्याज’. जणूं दोन दूरच्या भाषांनीं एकमेकींना न विचारतां पैशाच्या वाढीचा शब्द घेतला, त्याला नकार जोडला, आणि मनाच्या निर्मळपणाला नांव दिलें!

ही जोडी मात्र दिसते तितकी सरळ नाहीं. संस्कृतांत ‘व्याज’ म्हणजे निमित्त, बहाणा, सोंग, कपट. निंदेच्या मिषानें केलेली स्तुति किंवा स्तुतीच्या मिषानें केलेली निंदा ती व्याजस्तुति. मनांतली गोष्ट उघडी पडूं लागतांच भलतेंच कारण पुढें करून ती झांकणें ही व्याजोक्ति. कालिदासानें शकुंतलेच्या रूपाला ‘अव्याज’ म्हटलें तें त्या रूपांत नटवेपणा नव्हता म्हणून. सावकाराच्या वहीशीं तेथें कांहीं संबंध नाहीं. कर्जावरच्या वाढीला संस्कृतांत ‘वृद्धि’ आणि ‘कुसीद’ असे निराळेच शब्द आहेत. आतां मराठींतलें व्याज आणि संस्कृतांतलें व्याज हीं एकाच कुळांतलीं कीं केवळ एका चेहऱ्याचीं, या वादांत मी पडत नाहीं. शब्द सारखे दिसले कीं त्यांचें गोत्र जुळवून टाकण्याची हौस आपण आजवर पुष्कळ पुरवून घेतली आहे. माझा मुद्दा निराळा आहे. ‘इंटरेस्ट’ हा शब्द युरोपांत ज्या वाटेनें पुढें आला ती पाहिली, म्हणजे ‘व्याज’ या संस्कृत शब्दाचा अर्थ त्या परकी शब्दाच्या चरित्राला अक्षरश: लागू पडतो असें दिसून येतें.

‘इंटर’ म्हणजे मध्यें आणि ‘एस्से’ म्हणजे असणें. मूळ लॅटिनमध्यें ‘इंतेरेस्त’ हें क्रियापद आहे. ‘मध्यें आहे’ हा त्याचा शब्दश: अर्थ, आणि त्यावरून ‘फरक पडतो’, ‘महत्त्व आहे’ हा व्यवहारांतला. रोमन कायद्यानें या क्रियापदाला कामाला लावलें. करार मोडल्यामुळें एखाद्याचें नुकसान झालें तर भरपाई किती द्यावयाची? करार पाळला गेला असता तर त्याची जी स्थिति झाली असती ती, आणि आज प्रत्यक्ष आहे ती, या दोहोंच्या मध्यें जें आहे तेवढी. येथवर हा शब्द अगदीं स्वच्छ आहे. त्यांत लोभ नाहीं, लबाडी नाहीं. केवळ वजाबाकी आहे.

लबाडी शिरली ती मध्ययुगांत, आणि गंमत अशी कीं ती अतिशय कडक नीतीच्या आश्रयानें शिरली. दिलेल्या कर्जावर मुद्दलापेक्षां जास्त घेणें हें ख्रिस्ती धर्मपीठाच्या दृष्टीनें पाप होतें. त्याचें नांव ‘उसूरा’, म्हणजे वापराचें मोल. ११७९ सालच्या लॅटरन धर्मपरिषदेनें उघड सावकारी करणाऱ्यांना कम्युनियन आणि ख्रिस्ती दफन दोन्ही नाकारलीं. दान्तेनें आपल्या नरकाच्या सातव्या वर्तुळांत त्यांना तापलेल्या वाळूवर, गळ्यांत थैल्या अडकवून बसविलें. या मताला ॲरिस्टॉटलचाहि आधार होता. ग्रीक भाषेंत व्याजाला ‘टोकोस’ म्हणत, आणि टोकोस म्हणजे अपत्य. पैसा देवघेवीसाठीं निर्माण झाला. पैशाला पैसा व्हावा ही सगळ्या मिळकतींत निसर्गाच्या अत्यंत विरुद्ध अशी मिळकत आहे, असें त्याचें म्हणणें. शायलॉक आणि अँटोनिओ यांची पहिली खडाजंगी ज्यांना आठवत असेल त्यांना हेंहि आठवेल कीं अँटोनिओ त्याला हाच टोमणा मारतो : तुझें सोनेंचांदी म्हणजे काय मेंढ्या आहेत, कीं त्यांना कोंकरें व्हावीं?

परंतु व्यापाराला पैसा लागतो, आणि ज्याच्याजवळ पैसा आहे तो फुकट देत नाहीं. धर्मशास्त्र्यांनींच एक फट ठेविली होती. कर्ज मुदतींत परत न मिळाल्यामुळें धनकोचें खरोखर नुकसान झालें, तर तेवढें भरून घेण्यास आडकाठी नव्हती. ती वाढ नव्हे, ती भरपाई. तिचें नांव ‘इंतेरेस्से’. मग त्या फटीची खिडकी झाली आणि खिडकीचा दरवाजा झाला. कर्ज बिनव्याजी म्हणून लिहावें. मुदत मुद्दाम थोडक्या दिवसांची ठेवावी. ती टळणार हें देणारा आणि घेणारा दोघांनाहि ठाऊक असावें. आणि ती टळली कीं त्या दिवसापासून ‘नुकसानभरपाई’ मोजूं लागावी. कागदावर पाहिलें तर पापाचा लवलेश नाहीं. घेतली ती उसूराच, पण इंतेरेस्सेच्या व्याजानें! पुढें हें सोंग गळून पडलें, आणि सोंगाचें नांव तेवढें शिल्लक राहिलें. आज बँकेच्या पाटीवर टक्क्यांपुढें जो शब्द लिहिलेला असतो तो एके काळचा बहाणा आहे.

इंग्लंडच्या कायद्यांनीं या सोंगाला जी मोहर दिली ती पाहण्यासारखी आहे. आठव्या हेन्रीच्या कारकीर्दींत १५४५ सालीं दरसाल शेंकडा दहापर्यंत वाढ घेण्यास प्रथम मोकळीक मिळाली. ज्या कायद्यानें ती दिली त्याचें नांव मात्र सावकारीच्या ‘विरुद्ध’ कायदा असें होतें. १५५२ सालीं पुन्हां संपूर्ण बंदी झाली. १५७१ सालीं ती उठली. १६२४ सालीं दर आठावर आणतांना कायद्यानें एक पुस्ती जोडली : या कायद्यामुळें धर्माच्या किंवा सदसद्विवेकाच्या दृष्टीनें सावकारीस मान्यता मिळाली असें कोणीं समजूं नये. कायद्याला स्वत:चीच लाज वाटावी असे प्रसंग थोडे; हा त्यांपैकीं एक. पुढें दर सहावर आणि १७१४ सालीं पांचावर आला. १७८७ सालीं बेंथॅमनें सावकारीचें उघड समर्थन करणारें पुस्तक लिहिलें, आणि १८५४ सालीं हे सगळे निर्बंध रद्द झाले.

हें वाचून आपण फुशारून जाण्याचें कारण नाहीं. पाणिनीनें कुसीदावर जगणाऱ्यासाठीं आणि दहा देऊन अकरा घेणाऱ्यासाठीं शब्द साधून दिले ते निंदेच्याच अर्थानें. तरी आपल्या शास्त्रकारांचा कल व्याज निषिद्ध ठरवून मग पळवाट शोधण्यापेक्षां त्याला कुंपण घालण्याकडे अधिक होता. कौटिल्यानें शंभरावर दरमहा सव्वा पण हा धर्माला धरून असलेला दर सांगितला, व्यापाऱ्याला पांच, अरण्यांतून माल नेणाऱ्याला दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याला वीस. जेवढा धोका अधिक तेवढा दर अधिक, हा हिशेब आजच्या बँकेलाहि समजण्यासारखा आहे. मनूचा हिशेब मात्र दुसरा. ब्राह्मणाकडून शंभराला दोन, आणि वर्णानुक्रमानें चढत जाऊन शूद्राकडून पांच. ज्याच्या हातीं कमी त्याच्याकडून जास्त, ही व्यवस्था धर्माच्या नांवाखालीं सांगतांना स्मृतिकाराला १६२४ च्या इंग्रजी कायद्याएवढाहि संकोच वाटला नाहीं. दामदुपटीचा नियम मात्र खरोखर मोलाचा. व्याज कितीहि साचलें तरी एका वेळीं मुद्दलापेक्षां जास्त वसूल करतां येऊं नये, एवढी माणुसकी त्यानें शतकानुशतकें टिकवून धरली.

आणि बहाणा आपल्याकडेहि होताच. इंग्रजी अमलांत १८५९ सालीं मुदतीचा कायदा आला. कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा पडली. कुळावर दावे सांचून राहूं नयेत हा हेतु. घडलें तें असें कीं सावकार दर तीन वर्षांनीं नवें खत लिहून घेऊं लागला, आणि थकलेलें व्याज त्या खतांत मुद्दल होऊन बसूं लागलें. व्याजानें मुद्दलाचें सोंग घेतलें. तेथें मराठी आणि संस्कृत हे दोन्ही अर्थ एका कागदावर एकत्र आले. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुणब्यांनीं सावकारांच्या पेढ्यांवर धांव घेतली. आणि दंगा पुणें व नगर जिल्ह्यांत गांवोगांव पसरला तेव्हां जमावाचा रोख मुख्यत: त्या खतांवर होता. तीं हातीं आलीं कीं जाळून टाकीत. १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं जो कायदा झाला त्यानें न्यायाधीशाला खताच्या शब्दापलीकडे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. कागदावर काय लिहिलें आहे याबरोबरच मध्यें काय घडलें तें पाहा, असें त्याला सांगण्यांत आलें.

असो. पैशाचा इतिहास येथें सोडतों. कारण मला जी गोष्ट टोंचते आहे ती पुढची आहे. पेढीवरचा हा शब्द सतराव्या शतकांत राजवाड्यांत शिरला आणि तेथून माणसाच्या अंत:करणांत. फ्रान्सच्या ड्यूक द रोआंनें १६३८ सालीं राजेरजवाड्यांच्या हितसंबंधांवर लिहिलें, आणि राजांना खरें चालविणारें तेंच, असें प्रतिपादिलें. रागलोभ माणसाला कोठेंहि भरकटवतात, पण स्वहित ओळखणाऱ्या माणसाची चाल आधीं सांगतां येते, हा विचार त्या काळीं लोकांना मोठा दिलासा देणारा वाटला. मग १६६५ सालीं ला रोशफूकोच्या सुभाषितांनीं आपल्या बहुतेक सद्गुणांच्या तळाशीं याच ‘इंतेरे’चा गाळ दाखविला. प्रश्न उभा राहिला तो असा : जगांत ‘डिसइंटरेस्टेड’ असें कांहीं आहे काय? कीं कागद वाचायला शिकलों कीं प्रत्येक उपकाराच्या खतांत व्याज मुद्दल होऊन बसलेलें सांपडणारच?

हॉब्ज या तत्त्ववेत्त्याची एक गोष्ट त्याचा चरित्रकार ऑब्री यानें नोंदून ठेविली आहे. लंडनच्या रस्त्यावर एका जराजर्जर भिकाऱ्याला हॉब्जनें पैसे दिले. जवळ उभ्या असलेल्या धर्मोपदेशकानें विचारलें, ख्रिस्ताची आज्ञा नसती तर दिले असतेस काय? हॉब्ज म्हणाला, दिले असते. त्याची दशा पाहून मला क्लेश होत होते. माझ्या दानानें त्याला थोडें सुख झालें आणि मलाहि झालें. हें उत्तर प्रामाणिक आहे यांत शंका नाहीं. पण त्यावरून दान हें स्वार्थाचेंच रूप असें जे म्हणतात त्यांचें मला नवल वाटतें. त्याला क्लेश कां झाले? त्याच रस्त्यानें त्याच दिवशीं शेंकडों माणसें गेलीं असतील, त्यांना झाले नाहींत. बिशप बटलरनें १७२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रवचनांत हेंच फार शांतपणें मांडलें आहे. इच्छा पुरी झाली कीं समाधान होतें, एवढ्यावरून ती इच्छा समाधानासाठीं होती असें ठरत नाहीं. भुकेची धांव अन्नाकडे असते. आणि मित्राचें भलें व्हावें असें आधीं मनापासून वाटत असल्याखेरीज त्याच्या भल्यानें मला आनंदच होणार नाहीं. सुख हें अशा इच्छेच्या मागून येतें. तिला जन्म देत नाहीं.

आपल्याकडील वाचकाला येथें याज्ञवल्क्य आणि मैत्रेयी यांचा संवाद आठवल्यावांचून राहणार नाहीं. पति प्रिय होतो तो पतीसाठीं नव्हे, आत्म्यासाठीं. पुत्र, वित्त, सगळें आत्म्यासाठीं. हें हॉब्जचेंच मत संन्याशाच्या वेषांत आलें, असें वरवर पाहणाऱ्यास वाटेल. पण त्यांतला ‘आत्मा’ कोण, यावर सगळें अवलंबून आहे. तो जर सर्वांभूतीं एकच असेल, तर ‘स्व’ची भिंतच उरत नाहीं, आणि भिंत नाहीं तेथें स्वार्थ आणि परार्थ हा भेद कोठें राहावयाचा? लोकमान्यांनीं ‘गीतारहस्यां’त आधिभौतिक सुखवादाचा विचार करतांना हॉब्ज व हेल्व्हेशियस यांच्याबरोबर या संवादाचाहि परामर्श घेतला आहे तो याचसाठीं.

उलट बाजूनें, आणि ब्रह्मविद्येचा मुळींच आश्रय न घेतां, हॅझ्लिट त्याच ठिकाणीं येऊन पोंचला. त्याचे ललित निबंध आमच्या विद्यार्थिदशेंत आम्हीं आवडीनें वाचले; पण १८०५ सालीं, ऐन तारुण्यांत त्यानें प्रसिद्ध केलेला मानवी कृतीच्या तत्त्वांवरचा लहानसा ग्रंथ फारसा कोणी वाचीत नाहीं. त्याचा विचार असा : उद्यांच्या स्वत:साठीं मी आज खस्त खातों, पण उद्यांचा मी आज आहे कोठें? त्याचें दु:ख मला दुखत नाहीं. तें मला केवळ कल्पनेनेंच कळतें. आणि ज्या कल्पनेनें मी उद्यांच्या मला ओळखतों त्याच कल्पनेनें मी शेजारच्या माणसालाहि ओळखतों. तेव्हां माणसाचें मन स्वभावत: स्वार्थी आहे असें म्हणतां येत नाहीं, स्वार्थालाहि शिकावें लागतें. हा युक्तिवाद मला अजूनहि पुरतेपणीं खोडतां आलेला नाहीं, आणि खोडावा असें वाटतहि नाहीं.

ॲडम स्मिथचें उदाहरण तर भाषेच्या अभ्यासकानें काचेंत जपून ठेवावें असें. १७७६ च्या ग्रंथांत तो सांगतो कीं आपलें जेवण आपल्याला मिळतें तें खाटीक, मद्य करणारा आणि पाववाला यांच्या परोपकारामुळें नव्हे, त्यांच्या ‘इंटरेस्ट’मुळें. हें सर्वांना पाठ असतें. पण त्याआधीं सतरा वर्षें, १७५९ सालीं लिहिलेल्या नीतिविषयक ग्रंथाच्या पहिल्याच वाक्यांत तो म्हणतो कीं माणूस कितीहि स्वार्थी मानला तरी दुसऱ्याच्या भाग्यांत त्याला ‘इंटरेस्ट’ वाटायला लावणारें कांहींतरी त्याच्या स्वभावांत आहे. लेखक तोच, शब्दहि तोच. एके ठिकाणीं तो माणसाला स्वत:पाशीं बांधतो, दुसऱ्या ठिकाणीं दुसऱ्यापाशीं. कुतूहल, ओढ, गोडी हा जो अर्थ आज आपण मराठींतहि सर्रास वापरतों (“मला क्रिकेटमध्यें इंटरेस्ट नाहीं”), तो याच अठराव्या शतकांत रूढ होत गेला.

त्या विद्यार्थ्याच्या पहिल्या प्रश्नाला, जो मीं बाजूला सारला होता, येथें उत्तर देणें भाग आहे. त्याची बाजू अगदींच लंगडी नव्हती. सतराव्या शतकांत ‘डिसइंटरेस्टेड’ हा शब्द ‘लक्ष नसलेला’ या अर्थानें सांपडतो, आणि ‘अनइंटरेस्टेड’ हा ‘नि:पक्षपाती’ या अर्थानें. पुढें दोघांनीं घरें बदललीं, आणि आतां पहिला पुन्हां आपल्या जुन्या घराकडे जाऊं पाहात आहे. कोशाच्या दृष्टीनें मुलगा निर्दोष. तरीहि हा भेद बुजला तर मला वाईट वाटेल, आणि तें व्याकरणाच्या प्रेमामुळें नव्हे. चांगल्या न्यायाधीशाला खटल्यांत एका अर्थानें इंटरेस्ट मुळींच नसतो, आणि दुसऱ्या अर्थानें तो सर्वांहून अधिक असतो. परीक्षकाचें, डॉक्टरचें, आईचेंहि तेंच. ज्या भाषेंत या दोहोंना एकच शब्द उरेल त्या भाषेंतल्या माणसांना असें वाटूं लागेल कीं ज्याला कांहीं मिळावयाचें नाहीं त्यानें लक्ष तरी कां द्यावें.

शिवाय त्यानें निवडलेला ‘रस’ हा शब्द! आपल्या साहित्यशास्त्राचा ज्याला थोडा परिचय आहे त्याला यांतली गंमत कळेल. भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांच्या मतें रंगभूमीवरचा शोक माझाहि नसतो आणि शत्रूचा किंवा मित्राचाहि नसतो. ‘माझें’ आणि ‘दुसऱ्याचें’ हा हिशेब सुटतो तेव्हांच रसाचा आस्वाद शक्य होतो. कांटनें १७९० सालीं सौंदर्याच्या आनंदाविषयीं सांगितलें तें याच्या जवळचें आहे : त्यांत कोणताहि ‘इंटेरेस्स’ असतां कामा नये. म्हणजे आपल्या परंपरेंत रस असणें हेंच ‘डिसइंटरेस्टेड’ असणें! बिचाऱ्यानें बरोबर उलटा शब्द उचलला होता. पुढच्या तासाला मीं हें त्याला सांगितलें. त्यानें तें वहींत लिहून घेतलें, आणि तेवढ्यापुरता तरी मी जिंकलों असें मला वाटलें.

पण एका ठिकाणीं मी जिंकलों नाहीं, आणि या शब्दाची मला एवढी टोंचणी कां, हें तें सांगितल्याखेरीज कळणार नाहीं. माझा एक बालमित्र आहे. शाळेंत आम्ही एका बाकावर बसत होतों. पुढें मी कॉलेजांत शिकवूं लागलों, आणि तो आपल्या गांवीं वडिलांचें छोटें दुकान चालवूं लागला. बऱ्याच वर्षांपूर्वीं मुलाच्या शिक्षणासाठीं त्याला पैशाची गरज पडली. रक्कम माझ्या दृष्टीनें फार मोठी नव्हती, त्याच्या दृष्टीनें होती. मीं ती दिली. कागद केला नाहीं. तो व्याजाचें बोलूं लागला तेव्हां त्याला मध्येंच थांबवून म्हटलें, “वेडा आहेस काय? आपल्यांत कसलें व्याज?” घरीं येऊन पत्नीला हें सांगतांना मला माझा आवाज थोडा चढलेला ऐकूं आला होता, हें आतां आठवतें.

सहा वर्षें तो हप्त्यानें पैसे फेडीत होता. दर दिवाळीला यायचा, उन्हाळ्यांत आंब्याची पेटी पाठवायचा. मुलानें कोणती शाखा घ्यावी, हें मीं सांगितलें. त्यानें मान डोलावली. दुकान विकून शहरांत यावें कीं नाहीं, याविषयीं मीं मत दिलें. त्यानें मान डोलावली. एकदां राजकारणावरून गोष्ट निघाली. लहानपणीं या विषयावर आम्ही हमरीतुमरीवर येत असूं. त्या दिवशीं मीं अर्धा तास बोललों आणि तो ऐकत बसला. वयानें माणूस निवतो असें मला वाटलें, आणि खरें सांगायचें तर तें मला आवडलेंहि.

शेवटचा हप्ता घेऊन तो आला त्या दिवशीं नोटा मेजावर ठेवून त्यानें हळूच विचारलें, “व्याज राहिलं का रे कांहीं?” मी हसून म्हणालों, “पुन्हां तेंच? मीं कधीं मागितलं का?” “नाहीं, मागितलं नाहींस,” तो म्हणाला. “आपलं विचारलं.” चहा झाला आणि तो गेला.

दुसऱ्या दिवाळीला तो आला नाहीं. मला राग आला. काम झालें, माणूस विसरला, असेंहि मीं घरांत बोलून दाखविलें. आपण जें घेतलें नाहीं असें सहा वर्षें सांगत आलों तें येणें बंद झाल्याबरोबर इतकें कसें टोंचतें, हा प्रश्न मला त्या वेळीं पडला नाहीं. तो पडला त्या दिवशीं. फळ्यावर ‘निर्व्याज’ लिहून वर्गाकडे तोंड वळविलें तेव्हां. सावकारानें निदान खत लिहून घेतलें होतें. कुळाला तें जाळतां तरी आलें.

मागल्या महिन्यांत मी होऊन त्याच्या गांवीं गेलों. पूर्वसूचना दिली नव्हती. तो दुकानांत गिऱ्हाइकाला साखर जोखून देत होता. मला पाहून त्यानें पुडा बांधला, पैसे घेतले, आणि मग गल्ल्यामागून उठून आला. मुलाची चौकशी केली तेव्हां कळलें कीं मीं सुचविलेली शाखा सोडून तो मुलगा दुसरेंच कांहीं करतो आहे आणि सुखांत आहे. दुकानहि विकलें नव्हतें. बोलतां बोलतां गोष्ट पुन्हां राजकारणावर आली. मी माझें मत सांगूं लागलों. तिसऱ्याच वाक्याला त्यानें मला तोडलें. “तुला कांहीं कळत नाहीं,” तो म्हणाला. “तूं लहानपणींहि असाच होतास.” मीं आवाज चढविला, त्यानेंहि चढविला, दारांत उभें असलेलें एक गिऱ्हाईक घाबरून परत गेलें. वहिनींनीं आंतून दोनदां चहासाठीं हांक मारली, पण आम्हां दोघांपैकीं कोणी उठलें नाहीं.